जुना आर्केड गेम आजच्या स्टोअरवर कसा आणायचा

१. आधी कागदपत्रं

कोडला हात लावण्यापूर्वी हक्क तपासा. सुरुवातीच्या पडद्यावर जिचं नाव झळकतं, त्या कंपनीकडेच सगळं असेल असं नाही. ‘डाँकी काँग’ (१९८१) निन्टेन्डोचा, पण त्याचं प्रोग्रॅमिंग इकेगामी त्सुशिन्की या कंपनीने केलेलं. प्रकरण कोर्टात गेलं, आणि मूळ आर्केड आवृत्ती हॅम्स्टर कंपनीच्या ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ या मालिकेतून निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर आली ती थेट २०१८ मध्ये. ‘आउट रन’चं दुखणं वेगळं. गेम सेगाचाच, पण गाडी फेरारीच्या वळणाची, त्यामुळे नंतरच्या आवृत्त्यांत तिचं रूप बदललं.

करारात कोड, चित्रं, संगीत आणि नाव-लोगो यांचा वेगवेगळा उल्लेख हवा. देश, प्लॅटफॉर्म आणि मुदतही लिहून घ्या. नुसतं ‘डिजिटल हक्क’ असं मोघम लिहिलेलं असेल तर सही करू नका.

२. रॉम काढणं

रॉम म्हणजे आर्केड मशीनच्या सर्किट बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेला गेम. त्याची नेटवर मिळणारी फाइल बदललेल्या किंवा नकली बोर्डाची असू शकते. मूळ बोर्ड मिळवा. चिप सरळ वर उचला. तिरकी ओढली की पाय वाकतात. खिडकीवाल्या ईप्रॉमवरचा (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपवरचा) स्टिकर काढू नका, अतिनील प्रकाशाने आतला डेटा पुसला जातो. प्रत्येक चिप तीनदा वाचा आणि चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा. दर वेळी वेगळा आला तर पाय गंजलेत किंवा चिप मरायला टेकली आहे. कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डाची बॅटरी तर विचार न करता काढूच नका: गेमचा कोड उलगडणारी डिक्रिप्शनची किल्ली तिच्या जिवावर टिकून असते, ती गेली की बोर्ड बंद.

३. एम्युलेटर

एम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करून मूळ गेम चालवणारा प्रोग्रॅम. त्यातला तयार मिळणारा मेम (MAME) वापरायचा मोह होतो. २०१६ पासून तो एकत्रितपणे जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली आहे, म्हणजे विकताना सोर्स कोडही द्यावा लागतो. कन्सोलच्या गोपनीयता करारात ते बसत नाही. पण त्यातल्या बहुतेक फाइल बीएसडी परवान्याच्या आहेत, त्यात सोर्स कोड देण्याची अट नाही. प्रत्येक फाइलच्या डोक्यावरचा परवाना वाचून तेवढ्याच घ्या. ‘मेम’ हा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, परवानगीशिवाय जाहिरातीत वापरू नका.

४. वेग आणि चित्र

बहुतेक री-रिलीज इथेच फसतात, आणि जुन्या खेळाडूला ते पहिल्याच मिनिटात कळतं.

‘पॅक-मॅन’चा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने येतं) ६०.६ हर्ट्झ. तो ६० वर आणला तर गेम एक टक्का हळू चालतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. आवाज तेवढा त्याच प्रमाणात रीसँपल करा (नव्या वेगाला जुळवून घ्या), नाहीतर टकटक ऐकू येते. ‘आर-टाइप’ मात्र ५५ हर्ट्झचा. ६० वर पळवला तर नऊ टक्के वेगवान, म्हणजे नऊ टक्के अवघड! मूळ वेग ठेवला तर सेकंदाला पाच फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात आणि पार्श्वभूमी सरकताना हिसके बसतात. व्हीआरआर (गेमप्रमाणे रिफ्रेश रेट बदलायची सोय) असलेल्या स्क्रीनवर ५५ च पाठवा. बाकीच्यांवर हिसके चालतील, वेग बदलू नका.

‘स्ट्रीट फायटर २’चं चित्र ३८४×२२४ पिक्सेलचं, पण ते ४:३ प्रमाणाच्या जुन्या पडद्याच्या काचेसाठी काढलेलं. पिक्सेल चौरस धरले की त्यातला लढवय्या रियू जाडा दिसतो. १०८० ओळींच्या पडद्यावर उंची चारपट, म्हणजे ८९६, आणि रुंदी ११९५ ठेवा.

५. बटणाचा उशीर

फोनवर सेकंदाला २४० फ्रेमने व्हिडिओ काढा. बटण दबल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. हीच मोजणी मूळ बोर्डावर करा, कारण थोडा उशीर गेममध्येच असू शकतो. फरक ३३ मिलिसेकंदांहून जास्त निघाला तर आधी व्ही-सिंकचे (चित्र स्क्रीनच्या गतीशी जुळवणाऱ्या सोयीचे) बफर, म्हणजे रांगेत थांबलेल्या फ्रेम, कमी करा.

डिप स्विचचे (बोर्डावर गेमची सेटिंग ठरवणाऱ्या छोट्या बटणांचे) पर्याय मेन्यूत द्या. खेळाडूंच्या गुणतक्त्यासाठी (लीडरबोर्ड) मात्र ते कारखान्याच्या मूळ सेटिंगवर बांधून ठेवा आणि सेव्ह-स्टेट (हवा तिथे खेळ जतन करून पुन्हा तिथूनच सुरू करायची सोय) बंद करा, नाहीतर पहिल्याच दिवशी तक्ता बिनकामाचा होतो.

६. स्टोअर

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर प्रत्येक गेमला १०० डॉलर शुल्क आहे; विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतं. शुल्क भरल्यापासून ३० दिवस थांबावं लागतं आणि ‘लवकरच येत आहे’ हे पान किमान दोन आठवडे दिसावं लागतं. त्यामुळे काम संपायची वाट न पाहता शुल्क आधीच भरून ठेवा.