काळे पॉलिश केलेले दगड ओळखताना या चुका टाळा

डब्यात एकत्र ठेवलेल्या काळ्या टंबल दगडांच्या चिठ्ठ्या एकदा हरवल्या की कोणता कुठला हे कळेनासं होतं. याचं कारण पॉलिशमध्येच आहे. दगड ड्रममध्ये घासणाऱ्या भुकटीसोबत आठवडेच्या आठवडे फिरतो. त्यात स्फटिकाच्या कडा, फुटीच्या खुणा, मूळ चकाकी सगळं निघून जातं. खनिज ओळखायची जी लक्षणं पुस्तकात असतात, त्यातली बरीचशी तिथेच संपतात. पॉलिशवाल्याला बदलता येत नाहीत अशा गोष्टींपैकी सगळ्यात उपयोगी म्हणजे दगडाची घनता. आणि नेमकं तिच्याकडेच कुणी बघत नाही.

रंगावरून नाव ठेवणं

काळा रंग जवळपास काहीच सांगत नाही. टुरमलीन, ऑब्सिडियन (ज्वालामुखीतून आलेली नैसर्गिक काच), ओनिक्स, हेमेटाइट, जेट (कोळशासारखं झालेलं प्राचीन लाकूड), शुंगाइट (कार्बनने भरलेला खडक), गडद स्मोकी क्वार्ट्झ, साधा बेसाल्ट आणि काळी काच, पॉलिशनंतर हे सगळे डब्यात एकसारखेच दिसतात. फोटो काढून नाव सांगणाऱ्या ॲपचीही हीच अडचण. त्याला दिसतो काळा रंग आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब.

हातात तोलून अंदाज करणं

हेमेटाइटपुरता हा अंदाज चालतो, कारण तो पाण्याच्या पाचपटीहून जड असतो आणि उचलताच कळतो. बाकीच्यांत हात फसतो. त्यासाठी घरीच घनता मोजा. आधी कोरडा दगड वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून घ्या. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. दगड बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा अधांतरी धरा. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घनसेंटीमीटर दगडाचं आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते. समजा, कोरडा दगड ४६.५ ग्रॅम आहे आणि पाण्यात काट्यावर १५ आले, तर उत्तर ३.१. हे टुरमलीनला जुळतं, ओनिक्सला अजिबात नाही.

आकडे असे: जेट १.३ च्या आसपास, शुंगाइट साधारण १.९, ऑब्सिडियन २.४, ओनिक्स आणि स्मोकी क्वार्ट्झ २.६ ते २.६५, बेसाल्ट बहुधा २.८ ते ३, काळा टुरमलीन ३.० ते ३.२, हेमेटाइट ५ ते ५.३.

उत्तर विचित्र आलं तर आधी मोजणी तपासा. दगड ग्लासच्या तळाला टेकला की त्याचा भार काट्यावर येतो आणि घनता खूपच कमी निघते. दगडाला चिकटलेले हवेचे बुडबुडेही घोळ करतात; ओल्या बोटाने ते पुसून काढा. सगळ्यात मोठी चूक काट्याची असते. स्वयंपाकघरातला काटा एकेका ग्रॅमने मोजतो. दहा ग्रॅमच्या दगडाला पाण्यात ४ आकडा आला तर खरा आकडा ३.५ ते ४.५ मधला कुठलाही असू शकतो, म्हणजे घनता २.२ पासून २.९ पर्यंत कुठेही. ऑब्सिडियन आणि ओनिक्स दोन्ही त्यात बसतात. लहान दगडांसाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटाच हवा.

‘रंग निघाला नाही, म्हणजे अस्सल’

ओनिक्सबद्दल हा गैरसमज घट्ट बसलाय. कापसावर ॲसिटोन घेऊन दगड पुसायचा, कापूस पांढराच राहिला की दगड नैसर्गिक काळा, असं मानतात. पण बाजारातला बहुतेक काळा ओनिक्स हा राखाडी अकीक असतो. तो आधी साखरेच्या पाकात मुरवतात, मग गंधकाम्लात. आम्लाने साखर जळून दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत कार्बन उरतो. हा कार्बन ॲसिटोनने निघत नाही. जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइन गावाने एकोणिसाव्या शतकात अकीक रंगवण्याचा मोठा धंदाच उभा केला. आपल्याकडे गुजरातेत खंबायतेला शतकानुशतकं अकीक घडवला जातो, आणि तिथला कच्चा माल आपल्याच दख्खनच्या लाव्हा खडकातून निघालेला. रंगवलेला ओनिक्स खोटा दगड नाही, माझं तरी हेच मत आहे. तो खरा अकीक आहे, फक्त चिठ्ठीवर ‘रंगवलेला’ लिहावं आणि तशीच किंमत द्यावी.

चुंबकाचा उलटा अर्थ लावणं

हेमेटाइट म्हणजे लोखंडाचं खनिज, मग चुंबकाला चिकटणारच, असं वाटतं. प्रत्यक्षात खरा हेमेटाइट चुंबकाकडे फारच कमी ओढला जातो. जे चकचकीत मणी एकमेकांना खटकन चिकटतात आणि टाचण्या उचलतात, ते कारखान्यात तयार केलेलं फेराइट, म्हणजे लोखंडाचं चुंबकी संयुग असतं. त्याची घनता हेमेटाइटच्या जवळपास असल्यामुळे इथे काटा उपयोगी पडत नाही, चुंबकच पडतो. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या चुंबकी खनिजाचे कण असतात, त्यामुळे दोऱ्याला टांगलेला बेसाल्टचा खडा ताकदवान चुंबकाकडे हलकेच वळतो.

खरवडणं आणि तापलेली सुई

पॉलिश केलेल्या दगडावर चाकू चालवून बघू नका. ओरखडा कायमचा राहतो. हेमेटाइटची शंका असेल तर मण्याच्या भोकाची कड पांढऱ्या चिनीमातीच्या कपाच्या बुडाला, जिथे चकाकी नसते तिथे, हळूच घासा. तांबूस तपकिरी रेघ उमटली की हेमेटाइट. टुरमलीन आणि ओनिक्स चिनीमातीपेक्षा कडक असल्यामुळे त्यांची रेघ उठणारच नाही, त्यांच्यावर हा खटाटोप करू नका. जेटला तापलेली सुई टोचायचा सल्लाही सोडून द्या, डब्यातल्या बाकीच्या दगडांतून जेट वेगळा काढायला १.३ घनता आणि हाताला लागणारी ऊब पुरेशी असते. हलका पण वीज वाहणारा दगड असेल तर तो शुंगाइट. मल्टिमीटरच्या दोन टोकांनी हे लगेच कळतं, जेटमधून वीज जात नाही.

टुरमलीन डोळ्यांनीही ओळखू येतो, फक्त घाई नको. दगड ट्यूबलाइटखाली तिरका धरून सावकाश फिरवा. ऑब्सिडियनवर ट्यूबचं प्रतिबिंब अखंड, पाण्यावर पडावं तसं सरकतं. टुरमलीनवर ते बारीक भेगांनी आणि खळग्यांनी तुटतं. पॉलिश थोडं कच्चं असेल तर लांबीच्या दिशेने जाणाऱ्या समांतर रेघाही सापडतात. मग मोबाइलचा टॉर्च पातळ कडेला मागून लावा. ऑब्सिडियनची कड धुरकट तपकिरी किंवा करडी उजळते, स्मोकी क्वार्ट्झ चहासारखा दिसतो, टुरमलीन मात्र बहुधा काळाच राहतो.

ऑब्सिडियन आणि काळी काच या जोडीपुढे घरची साधनं थकतात. साध्या काचेची घनता २.५ च्या आसपास, म्हणजे फरक अगदी थोडा. साच्याची शिवण किंवा गोल बुडबुडे दिसले तर काचेचा संशय घ्या. दगड महाग असेल तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत द्या. स्वस्त असेल तर चिठ्ठीवर ‘काळा, घनता २.४ ते २.५, कड धुरकट’ एवढंच लिहा, नावाची जागा रिकामी सोडा.