“मी कोण, कुठली” दाखवणारे पोर्ट्रेट काढताय? या चुका टाळा

असा विषय घेतला की आपण सगळ्यात आधी नऊवारी न् नथ भाड्याने आणतो. मीपण तेच केलं. अख्खं आयुष्य गोरेगावच्या फ्लॅटमध्ये गेलं आणि फोटोत मी गावच्या विहिरीवर कळशी घेऊन उभी, आई बघून म्हणाली, “ही कोण गं?” नंतर जमला तो फोटो घराच्या गॅलरीतला, मागे वाळत घातलेले कपडे आणि गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. वेश घ्यायचाच असेल तर उघडपणे घ्या. कलाकार पुष्पमाला एन. यांनी फोटोग्राफर क्लेअर आर्नीबरोबर २००० ते २००४ मध्ये दक्षिणेतल्या बायकांच्या ठरावीक प्रतिमा स्वतः वेश घेऊन उभ्या केल्या, तिथे तो बनावच विषय आहे.

दुसरी चूक म्हणजे ब्यूटी मोड. आजीचा फोटो काढला, कपाळावरचं गोंदण पार पुसट! फोनला तो डाग वाटला. सेटिंगमध्ये जाऊन हे आधी बंद करा.

सावळा चेहरा आणि मागे पांढरी भिंत असेल तर कॅमेरा भिंतीचा उजेड बघून सगळंच काळपट करतो, मग आपण एडिटमध्ये ब्राइटनेस ओढतो आणि चेहरा राखाडी होतो. त्यापेक्षा चेहऱ्यावर टॅप करा, बोट थोडं वर सरकवून उजेड वाढवा, किंवा माणसाला खिडकीजवळ बसवा. (आपल्या रंगाची ही अडचण जुनीच म्हणा, कोडॅकच्या काळात लॅबवाले कलर प्रिंट जुळवायला ‘शर्ली कार्ड’ नावाचा नमुना फोटो वापरायचे, त्यावर गोरी बाई!)

नाक मोठं येतंय? फार जवळ गेलात. चार-पाच फूट मागे या न् २एक्स झूमवर काढा.

“आजी, हस ना” म्हणू नका. तिच्या वेळी फोटो म्हणजे कार्यक्रम असायचा, ती ताठच बसणार, हात गुडघ्यावर. बसू दे की. केस विंचरून येते म्हणाली तर थांबा.

आणि क्रॉप जपून. मी आजीचा फक्त चेहरा ठेवला होता, सुरकुत्या काय मस्त आल्या होत्या! दाखवला तर बराच वेळ बघत राहिली, मग विचारलं, “भिंतीवरचे आजोबा कुठं गेले?”