जिल्हा परिषदेला उभ्या राहताय? आधी कागद

गटाचे, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाचे, आरक्षण निघाले की दुसऱ्या दिवशी चौकात ‘भावी सदस्य’ म्हणून फ्लेक्स लागतो. माझे कळकळीचे सांगणे आहे की तो पैसा आणि तो आठवडा आधी कागदांवर घाला. प्रचारात मागे पडलेला उमेदवार शेवटच्या चार दिवसांत पुढे येऊ शकतो, पण छाननीत अर्ज बाद झाला की घरोघर फिरण्याची वेळच येत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि पहिल्यांदाच उभ्या राहणाऱ्या बायकांची कागदपत्रे माहेर-सासर अशी दोन गावांत विखुरलेली असतात. म्हणून ही तयारी मुख्यतः त्यांच्यासाठी मांडते आहे.

सुरुवात मतदार यादीपासून करा. वय २१ पूर्ण हवे आणि नाव जिल्ह्यातल्या कोणत्यातरी गटाच्या यादीत हवे. तुम्ही दुसऱ्या गटातून लढणार असाल तर आपल्या नावाच्या पानाची प्रमाणित प्रत तहसीलमधून काढून ठेवा. सूचक, म्हणजे तुमचे नाव सुचवून अर्जावर सही करणारा, मात्र ज्या गटातून लढायचे त्याच गटाचा मतदार लागतो. तुमची नणंद शेजारच्या गटात राहत असेल तर तिची सही चालणार नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी करत नाही, विधानसभेचीच यादी ठरावीक तारखेला घेऊन गट आणि गणांत (पंचायत समितीच्या मतदारसंघांत) फोडतो. प्रारूप यादीवर हरकत घेताना चुकीच्या गटात गेलेले नाव किंवा लेखनातली चूक दुरुस्त होते, नवीन नाव घालता येत नाही. त्यासाठी नमुना ६, म्हणजे नवीन नाव नोंदवण्याचा अर्ज, बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) आधीच गेलेला हवा. म्हणून गावातल्या नव्या सुनांची आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींची नावे निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर व्हायच्या कितीतरी आधी तपासून घ्या. प्रारूप यादी आली की एक संध्याकाळ काढून ती वस्तीवार वाचा. एखादी आख्खी वस्ती पलीकडच्या गणात गेलेली त्याच वाचनात सापडते.

आता जातीचा दाखला. राखीव गटात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लग्न झालेल्या बाईची जात वडिलांकडूनच धरली जाते, सासरच्या कागदांचा तिथे उपयोग नाही. म्हणजे माहेरी जाऊन वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, मिळाली तर कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल आणि वंशावळीचे शपथपत्र, हे सगळे गोळा करायचे. नुसता दाखला पुरत नाही, जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. ते हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र देण्याचे हमीपत्र जोडावे लागते. निवडून आल्यावर ती मुदत चुकली तर पद जाते, त्यामुळे ही धावपळ आरक्षण सोडतीची वाट न पाहता सुरू करा.

दाखला माहेरच्या नावाने, मतदार यादी सासरच्या नावाने आणि आधारवर तिसरेच स्पेलिंग, ही अगदी नेहमीची स्थिती आहे. दाखल्यावर ‘सुनंदा’, यादीत ‘सुनिता’ असले की विरोधकाच्या वकिलाला आयते बोट ठेवायला जागा मिळते. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र फाइलमध्ये असू द्या, आणि सगळे कागद एका टेबलावर मांडून प्रत्येकावरचे नाव मोठ्याने वाचा. हे काम नवऱ्यावर किंवा दिरावर सोपवू नका. छाननीत काही विचारले गेले तर उत्तर तुम्हाला द्यायचे आहे, आणि फाइल स्वतः लावलेली असली की आवाज कापत नाही.

अपात्रतेच्या बाबी स्वतःलाच खडसावून विचारा. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनाच्या वर गेली असेल तर उभे राहता येत नाही. मूल दत्तक दिले म्हणून सुटका होत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. मुलांचे जन्मदाखले जवळ ठेवा. घरी शौचालय असून ते वापरात असल्याचा दाखला ग्रामसेवकाकडून घ्या. घरपट्टी, पाणीपट्टी भरून थकबाकी नसल्याचा दाखलाही त्याच फेरीत मागा. घरात कुणी जिल्हा परिषदेची कामे ठेक्याने घेत असेल तर तो करार आधी वकिलाला दाखवा.

शपथपत्राला पूर्ण दिवस द्या. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण असे रकाने असतात, आणि एकही कोरा सोडायचा नाही. जिथे सांगण्यासारखे काही नाही तिथे ‘निरंक’ लिहा, रेघ मारून मोकळ्या होऊ नका. सोसायटीचे पीककर्ज, बचत गटातून उचललेली रक्कम आणि अंगावरचे सोने यात यायला हवे. निवडणुकीच्या खर्चासाठी वेगळे बँक खाते उघडायचे असते, आणि ते स्वतःच्या नावाने.

अर्ज ऑनलाइन भरून छापील प्रत द्यायची की थेट कागदावर, हे त्या वेळच्या कार्यक्रमात वाचा. शेवटच्या दिवसावर काहीही ठेवू नका. तालुक्याला त्या दिवशी सर्व्हर रेंगाळतो, नोटरीसमोर रांग लागते, आणि वेळ संपली की दार बंद होते. पक्षाकडून लढणार असाल तर एबी फॉर्मवर, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या पत्रावर, मूळ सही आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. तो वेळेत पोचणार नाही अशी शंका असेल तर आणखी एक अर्ज अपक्ष म्हणून भरून ठेवलेला बरा.

प्रचाराबद्दल सांगणारे गावात भरपूर भेटतील, म्हणून थोडकेच लिहिते. गाडी आणि भोंग्याची लेखी परवानगी घ्या, भोंगा रात्री दहाला बंद. पत्रकावर छापणाऱ्याचे नाव हवे. मतदाराला सांगताना दोन मते द्यायची आहेत हे न विसरता सांगा, एक गटासाठी, एक गणासाठी; म्हाताऱ्या माणसांचा इथे हमखास गोंधळ होतो. प्रत्येक केंद्रावर मतदान प्रतिनिधी म्हणून अशी व्यक्ती नेमा जी सकाळी अभिरूप मतदानाच्या (यंत्र तपासण्यासाठीच्या चाचणी मतदानाच्या) वेळी हजर राहील आणि यंत्र सील होताना क्रमांक टिपून घेईल. शक्य तिथे बाईच नेमा, गावातल्या बायकांना ती चेहऱ्याने ओळखते.

चहा, मंडप, डिझेल, सगळ्याची पावती रोज वहीला चिकटवत जा. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, हरलेल्या उमेदवारांनाही. दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते, म्हणजे पुढची निवडणूकही हातची जाऊ शकते. हिशेब दिल्यावर पोच घ्या आणि ती त्याच फाइलला लावा.