जपानच्या डोंगरात एका दिवसाची भटकंती: वेळेच्या या चुका टाळा

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. शिन्जुकूहून लोकलने सव्वा तासात शिबुसावा, तिथून पंधरा मिनिटांची बस, आणि साडेदहाला आम्ही चौघं ओकुराच्या थांब्यावर उतरलो. समोर तान्झावा रांगेतला तोनोदाके, उंची १४९१ मीटर. कळसूबाई १६४६ मीटर आणि ती तर आम्ही कितीदा केलेली. त्यामुळे माथ्यावर जेवायचं आणि चहाच्या वेळेला खाली यायचं, असा हिशोब. थांब्यावर आमच्याखेरीज चढणारं कुणीच नव्हतं. बाकीचे सगळे तीन तास आधीच वर गेले होते, हे आम्हाला तेव्हा सुचलं नाही.

उंची शिखराची नव्हे, चढाची बघा

कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव मुळातच बरंच उंचावर आहे. ओकुरा मात्र समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत. म्हणजे सुमारे सात किलोमीटरांत बाराशे मीटरचा चढ, आणि तोही बराचसा लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्यांवरून. पायऱ्या आपल्या पावलाच्या मापाच्या नसतात, गुडघा दर वेळी नको तितका उचलावा लागतो. या सोंडेला तिथले लोक 'बाका ओने' म्हणतात. बाका म्हणजे मूर्ख, ओने म्हणजे सोंड. पहिल्यांदाच जाणार असाल तर ताकाओसान (५९९ मीटर) किंवा मिताकेसान (९२९ मीटर) धरा. दोन्हीकडे केबल कार आहे, पाय बोलायला लागले तर उतरायची सोय होते.

खरी चूक इथे होते

पुण्यात डिसेंबरातही सहापर्यंत उजेड असतो. तोक्योत नोव्हेंबरअखेर सूर्य साडेचारलाच मावळतो. सुगी आणि हिनोकी या सदाहरित सूचिपर्णी झाडांच्या दाट लागवडीत, तेही पूर्वेकडच्या उतारावर असाल, तर साडेतीनलाच पायाखालची मुळं दिसेनाशी होतात. म्हणून इथली माणसं पहाटेच्या गाडीने येतात आणि तीनपर्यंत खाली असतात. तोच नियम धरा.

नकाशावर प्रत्येक टप्प्यापुढे चालण्याची वेळ छापलेली असते. तिला 'कोसु ताइमु' म्हणतात. ओकुरा ते माथा साडेतीन तासांच्या आसपास, उतरायला अडीच. या वेळेत विश्रांती धरलेली नसते. फोटो, डबा, मोजे बदलणं, कुणाचा तरी पाय मुरगळणं, सगळं वेगळं. दिवसाला किमान तासभर जास्तीचा धरा आणि गणित उलटं मांडा: तीनला खाली, म्हणजे साडेबाराच्या आत माथा सोडायचा, म्हणजे आठला चालायला सुरुवात. परत फिरायची वेळ घरूनच ठरवून या. माथा अर्ध्या तासावर असला तरी ती वेळ झाली की वळायचं. हे जमत नाही, कारण वर फुजी दिसणार असतो. आम्हालाही नाही जमलं.

आम्ही अडीचला माथ्यावर, तीनला उतरायला लागलो. साडेचारच्या सुमाराला एकाच्या मोबाइलची बॅटरी थंडीने अचानक बंद पडली. दुसऱ्याच्या मोबाइलच्या उजेडात चालायचं तर एक हात अडकतो, आणि उतारावर दोन्ही हात लागतात. मागून साठी ओलांडलेले एक गृहस्थ आले. 'राइतो?', म्हणजे लाइट आहे का, एवढंच विचारलं, सॅकच्या वरच्या कप्प्यातून जादाचा हेडलॅम्प काढला आणि माझ्या कपाळावर स्वतः बसवला. पुढचा तासभर ते आमच्यापुढे आमच्याच गतीने उतरले. तेव्हापासून माझ्या सॅकमध्ये दोन हेडलॅम्प असतात. उन्हाळ्यातही.

वाट चुकली असं वाटतंय?

जपानी पोलिसांच्या दरवर्षीच्या आकडेवारीत डोंगरातल्या अपघातांचं सर्वात मोठं कारण वाट चुकणं हेच असतं. पाट्या इतक्या नीट असूनही असं का होतं? एक कारण झाडाला बांधलेली गुलाबी फीत. आपल्याला ती वाटेची खूण वाटते. पुष्कळदा ती जंगलकामगारांनी किंवा मोजणीवाल्यांनी स्वतःसाठी बांधलेली असते आणि तिच्यामागे गेलात की लाकूडतोडीच्या वाटेवर पोचता. ही वाट सुरुवातीला छान रुंद असते, मग एकाएकी संपते.

चेहऱ्याला कोळ्याचं जाळं लागलं, पायऱ्या संपल्या, पायाखालची माती दाबलेली नसून भुसभुशीत लागली, की थांबा. शेवटची पाटी जिथे पाहिली तिथपर्यंत मागे फिरा. प्रत्येक पाटीचा फोटो काढत गेलात तर ती किती वाजता पाहिली हेही कळतं. मागची वाटही सापडत नसेल तर चढावर, सोंडेकडे जा. खाली ओढ्यात उतरू नका. पाण्याच्या कडेने गाव लागेल असं मन सांगत असतं, पण इथल्या 'सावा'त, म्हणजे ओढ्याच्या घळीत, धबधबे आडवे येतात. खाली उतरता येत नाही, निसरड्या दगडावरून परत चढताही येत नाही, आणि मोबाइलला रेंजही नसते. सोंडेवर रेंज मिळण्याची शक्यता जास्त. मदतीसाठी पोलिसांचा ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा ११९.

यामाप किंवा यामारेको अॅपवर नकाशा आदल्या रात्री वायफायवर उतरवून घ्या. एअरप्लेन मोडवरही जीपीएस चालतं आणि बॅटरी टिकते. पायथ्याशी पेटी असते, तिच्यात 'तोझान तोदोके' म्हणजे चढाईची नोंद टाका: नावं, वाट, परतायची वेळ. ती ऑनलाइनही देता येते. आणि 'त्सूकोदोमे' म्हणजे रस्ता बंद. २०१९च्या ऑक्टोबरमधल्या हागिबिस वादळानंतर तोक्योच्या आसपासच्या कित्येक डोंगरवाटा वाहून गेल्या होत्या. दोरी बांधलेली असेल तर पलीकडे वाट खरंच नसते.

शेवटची बस गेली तर

काही खोऱ्यांत शेवटची बस संध्याकाळी पाचच्या आधीच सुटते, आणि शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं. थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो सकाळी उतरल्याबरोबर काढा. स्टेशनजवळच्या टॅक्सीचा नंबर आणि रोख पैसे जवळ असू द्या. अंधारात रस्त्याने चालत निघायची वेळ आलीच तर हेडलॅम्प चालूच ठेवा, वळणावर गाडीवाल्याला तुम्ही दिसले पाहिजेत.

कपड्यांचं थोडक्यात: सुती टीशर्ट नको. शंभर मीटरला साधारण ०.६ अंश थंडी वाढते, म्हणजे तोनोदाकेच्या माथ्यावर ओकुरापेक्षा सात अंश कमी, आणि घामाने ओली पाठ वाऱ्यात गारठते. होन्शूत, म्हणजे तोक्यो ज्यावर आहे त्या मुख्य बेटावर, काळी अस्वलं आहेत. सॅकला घंटी बांधा, धुक्यात आणि वळणावर बोलत चला, समोर दिसलंच तर पळू नका, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. तान्झावात पावसाळी महिन्यांत जळवा असतात. मोज्यांवर आणि बुटांच्या काठावर मीठ चोळा, दर विश्रांतीला घोटे तपासा.

कचरा परत घरी न्यायचा, चहाची पत्ती आणि केळ्याची सालंसुद्धा. ओकुराला उतरल्यावर बूट धुवायची जागा आहे, नळ आणि ब्रशसकट. तळव्याच्या खाचांतला चिखल नीट काढा, बसच्या सीटखाली तो सांडायला नको. वाकलेलेच आहात तर मोज्यांची घडी उलटून एखादी जळू राहिली नाही ना, तेही बघून घ्या.