कोकमाच्या अर्काची अँटिऑक्सिडंट क्षमता कशी मोजावी

वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र किंवा अन्नतंत्रज्ञानाच्या प्रकल्पासाठी कोकम निवडणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. निवड चांगलीच आहे, कारण रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालीत अँथोसायनिन गटातील लाल रंगद्रव्ये आणि गार्सिनॉल हे पिवळसर द्रव्य अशी दोन्ही प्रकारची अँटिऑक्सिडंट असतात. मात्र ज्या लाल रंगासाठी आपण कोकम निवडतो, तोच रंग मोजणीत सर्वांत जास्त फसवतो. म्हणून डीपीपीएच या जांभळ्या रसायनाचा रंग किती फिका होतो ते मोजणाऱ्या पद्धतीची कृती सांगताना या अडचणीवर मी अधिक भर देणार आहे.

पहिला प्रश्न नमुन्याचा. बाजारातील आमसुले वापरू नयेत, कारण ती मिठाच्या पाण्यात किंवा मीठ घातलेल्या रसात पुन्हापुन्हा बुडवून वाळवलेली असतात आणि तुम्ही तोललेल्या १० ग्रॅममध्ये मीठ किती व साल किती हे कळायला मार्ग नसतो. एप्रिल-मेमध्ये पिकलेले रातांबे मिळवावेत, गर व बिया काढून साल बारीक चिरावी आणि ४० अंश सेल्सिअसच्या आसपास ओव्हनमध्ये, वजन स्थिर होईपर्यंत वाळवावी. घाई करून उष्णता वाढवल्यास अँथोसायनिन नष्ट होतात. वाळलेली साल दळून हवाबंद, गडद बाटलीत ठेवावी.

अर्क कशात काढायचा, यावर अर्कात काय उतरणार हे ठरते. अँथोसायनिन पाण्यात सहज उतरतात, तर गार्सिनॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याला अल्कोहोल लागते. दोन्ही हवे असल्यास ७० टक्के इथेनॉल हा सोयीचा मध्यम मार्ग आहे. १० ग्रॅम चूर्णात १०० मिलिलिटर द्रावक घालून, बाटलीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून, रात्रभर थंड जागी ठेवावे, मधूनमधून हलवावे आणि नंतर फिल्टर पेपरमधून गाळावे. द्रावक काढताना रोटरी इव्हॅपोरेटरचे (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या उपकरणाचे) तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. कोकमातील आम्ल आणि साखरेमुळे उरलेला अर्क चिकट राहतो, कोरडी पूड होत नाही. त्यामुळे तो हवेत उघडा न ठेवता लगेच तोलावा आणि मिथेनॉलमध्ये माहीत असलेल्या प्रमाणात विरघळवावा. मिथेनॉल विषारी आहे, तेव्हा हातमोजे घालावेत, काम हवेशीर जागी करावे आणि प्रयोगशाळेतील कोणताही अर्क चाखू नये.

डीपीपीएच हा जांभळ्या रंगाचा स्थिर मुक्त मूलक (फ्री रॅडिकल, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू) आहे. अँटिऑक्सिडंटने त्याला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन दिला की जांभळा रंग फिका होऊन पिवळा पडतो आणि ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण घटते; हे शोषण स्पेक्ट्रोफोटोमीटर या यंत्राने मोजतात. ३.९४ मिलिग्रॅम डीपीपीएच १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये विरघळवले की ०.१ मिलिमोलर द्रावण तयार होते. हे द्रावण त्याच दिवशी करावे आणि अंधारात ठेवावे. परीक्षानळीत ३ मिलिलिटर डीपीपीएच आणि १ मिलिलिटर अर्क घेऊन ती ३० मिनिटे अंधारात ठेवावी, मग रीडिंग घ्यावे. अर्काऐवजी १ मिलिलिटर मिथेनॉल घातलेली नळी म्हणजे कंट्रोल. तिचे रीडिंग ०.८ ते ०.९ च्या आसपास आले, तर द्रावण नीट झाले आहे असे समजावे.

आता मुख्य अडचण. कोकमाचे आम्ल अँथोसायनिनला लाल रूपातच धरून ठेवते आणि त्या लाल रंगाचे शोषण नेमके ५१० ते ५३५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे डीपीपीएचच्याच जागी होते. माझ्या पहिल्या प्रयोगात अर्क जसजसा दाट होत गेला तसतशी क्षमता आधी वाढली आणि नंतर घटू लागली. मी दोन दिवस डीपीपीएचलाच दोष देत होतो. शेवटी नळ्या खिडकीपाशी उजेडात धरल्या, तेव्हा सर्वांत दाट नळीत जांभळ्याचा मागमूसही नव्हता, होता तो सरबताचा स्वच्छ लाल रंग. यंत्र तो लाल रंग ‘उरलेले डीपीपीएच’ म्हणून मोजत होते.

उपाय सोपा आहे, पण तो प्रत्येक सांद्रतेला स्वतंत्रपणे करावा लागतो. तोच १ मिलिलिटर अर्क ३ मिलिलिटर साध्या मिथेनॉलमध्ये मिसळून नमुन्याचा ब्लँक तयार करावा आणि त्याचे रीडिंग नमुन्याच्या रीडिंगमधून वजा करावे. कंट्रोलच्या रीडिंगमधून ही वजाबाकी वजा करून, कंट्रोलच्याच रीडिंगने भागून, १०० ने गुणले की संपलेल्या डीपीपीएचची टक्केवारी मिळते. दाट अर्कात ब्लँकचे रीडिंगच फार मोठे येत असेल, तर ती सांद्रता सोडून द्यावी. आधी १०, १०० आणि १००० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी ढोबळ चाचणी करावी आणि मग २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पडतील अशा पाच सांद्रता निवडून प्रत्येकीची तीन रीडिंग घ्यावीत.

सोबत ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) मोजणे मी अनिवार्य मानतो, कारण त्यातून तुमची स्वतःची पद्धत तपासली जाते. त्याचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू संपवतो. वरील प्रमाणात मिश्रणातील डीपीपीएच ०.०७५ मिलिमोलर होते, म्हणून ॲस्कॉर्बिक आम्लाची आयसी५०, म्हणजे निम्मे डीपीपीएच संपवणारी सांद्रता, अंतिम मिश्रणात सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आली पाहिजे. १३ च्या आसपास आल्यास तुम्ही घातलेल्या १ मिलिलिटर द्रावणातील सांद्रता धरली आहे, ४ मिलिलिटर मिश्रणातील नव्हे. अनेक प्रबंधांतील आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचे हे एक साधे कारण आहे.

फोलिन पद्धतीने, म्हणजे फिनॉलमुळे निळा होणाऱ्या अभिकर्मकाने, एकूण फिनॉल मोजायचे असल्यास ७६५ नॅनोमीटरवर लाल रंगाची अडचण उरत नाही, पण ॲस्कॉर्बिक आम्ल आणि क्षपणकारक साखरही तिथे फिनॉल म्हणून मोजली जाते.

निष्कर्षात आरोग्याचे दावे करू नयेत. परीक्षानळीतील अँटिऑक्सिडंट आकड्यांचा मानवी आरोग्यावरील परिणामाशी संबंध लावता येत नाही, या कारणाने अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये अशा आकड्यांची आपली खाद्यपदार्थांची सूची मागे घेतली. प्रकल्पात आयसी५० लिहिताना ती अंतिम मिश्रणातील आहे की घातलेल्या अर्कातील, डीपीपीएचची सांद्रता किती होती, द्रावक कोणता होता, वजन सुक्या सालीचे की अर्काचे आणि नमुन्याचा ब्लँक वजा केला होता की नाही, हे तक्त्याच्या खालीच नमूद करावे.