चार बॉक्स, एक अँप्लिफायर आणि ओहमचा हिशेब

खानापूर तालुक्यातील एका गावात पारायणाच्या मंडपात आठ ओहमचे (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे, म्हणजे रोधाचे माप) चार स्पीकर बॉक्स मी एकदा घाईने समांतर, म्हणजे सगळे लाल टर्मिनल एकत्र आणि सगळे काळे एकत्र असे जोडले. काकड्याला खणखणीत असलेला आवाज हरिपाठापर्यंत टिकला नाही. अँप्लिफायरचा लाल दिवा लागला आणि त्याच्या पाठीच्या पत्र्यावर हात ठेववेना. यंत्र चांगले होते, चूक माझ्या जोडणीत होती.

अँप्लिफायर व्होल्टेज पुरवतो. त्यावर करंट किती वाहणार, हे स्पीकरचा रोध ठरवतो. व्होल्टला ओहमने भागले की अँपियर मिळतात आणि व्होल्टला अँपियरने गुणले की वॅट. २० व्होल्टवर आठ ओहमचा एक बॉक्स अडीच अँपियर, म्हणजे ५० वॅट घेतो. चार समांतर जोडले की एकूण रोध दोन ओहमवर उतरतो आणि त्याच २० व्होल्टवर १० अँपियर, म्हणजे २०० वॅट ओढले जातात. पाठीवर ‘किमान चार ओहम’ असे छापलेल्या अँप्लिफायरला हे झेपत नाही.

म्हणून आधी दोन-दोन बॉक्स एकसर जोडावेत, म्हणजे पहिल्याच्या काळ्या टर्मिनलवरून तार दुसऱ्याच्या लाल टर्मिनलवर न्यावी. प्रत्येक जोडी १६ ओहमची होते आणि अशा दोन जोड्या समांतर जोडल्या की भार पुन्हा आठ ओहम होतो. चारही बॉक्स मात्र सारखेच असावेत.

जोडणी झाल्यावर, अँप्लिफायरला तारा लावण्यापूर्वी, त्यांची मोकळी टोके मल्टिमीटरने तपासावीत. आठऐवजी सहाच्या आसपास आकडा दिसला तर घाबरू नये, कारण मीटर केवळ व्हॉइस कॉइलच्या, म्हणजे स्पीकरच्या आतल्या गुंडाळीच्या तारेचा रोध मोजतो. छापलेला आकडा बदलत्या करंटला होणाऱ्या अडथळ्याचा असतो आणि तो अडथळाही सुरागणिक कमीजास्त होतो. आकडा शून्याजवळ आला, तर मात्र कुठेतरी शॉर्ट आहे.

सर्वाधिक हयगय तारेच्या बाबतीत होते. तांब्याची ०.७५ चौरस मिलिमीटरची तार २० मीटर लांब नेली, तर जाण्यायेण्याचे ४० मीटर धरून तिचाच रोध सुमारे एक ओहम भरतो. पुढे चार ओहमचा भार असेल तर पाचवा हिस्सा वीज तारेतच मुरते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत हाच रोध ०.३ ओहमपर्यंत खाली येतो.

पार दुसऱ्या वाडीपर्यंत भोंगे न्यायचे असतील, तर १०० व्होल्टची लाइन, म्हणजे जास्त व्होल्टेजवर कमी करंट नेणारी जोडणी वापरावी. तिच्यावर २० वॅटच्या भोंग्याला ०.२ अँपियर पुरतात; मात्र हे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर नसलेला भोंगा त्या लाइनला कधीही लावू नये. आपल्याकडच्या पावसात तारेचे जोड टेपने घट्ट गुंडाळून जमिनीपासून वर टांगावेत.