एमबीए झालं, फोन मात्र येत नाही? मग या चुका टाळा

नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे. किराणा आणि घरगुती वस्तूंचं वितरण हा धंदा. विक्री, हिशेब आणि गोदाम या तिन्ही ठिकाणी बीकॉम, बीबीए, एमबीए झालेली मुलं-मुली निवडायचं काम गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे. एका जागेसाठी दीड-दोनशे अर्ज येतात, बोलावणं दहा-बारा जणांना जातं. मागे राहिलेल्यांतले कितीतरी जण कामाला अगदी योग्य होते हे मला नंतर कळतं, तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी तुमची गाडी नेमकी कुठे अडते ते बघा. अर्ज करूनही फोनच येत नसेल तर दोष रेझ्युमेत आहे, मुलाखतीच्या क्लासला पैसे घालू नका. फोन येतो पण पुढे काही होत नाही, तर फोनवर काय बोललात ते आठवा. टेस्टमध्ये गळत असाल तर एक्सेल आणि आकडेमोड कच्ची आहे. आणि मुलाखत छान होऊनही 'कळवतो'च्या पुढे सरकत नसेल, तर तुमच्या बोलण्यात उदाहरणं कमी पडताहेत.

फाईलच नीट वाचली जात नाही

मोठ्या कंपन्या आणि नोकरीची पोर्टलं अर्ज आधी सॉफ्टवेअरकडून वाचून घेतात. दोन रकान्यांचं रंगीत टेम्पलेट दिसतं सुंदर, पण पुष्कळदा सॉफ्टवेअर दोन्ही रकान्यांच्या ओळी एकात एक मिसळतं. 'एक्सेल'पुढे चार ठिपके रंगवून दाखवलेली हुशारी त्याला दिसतच नाही. घरच्या घरी तपासायचं असेल तर पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे नाव, फोन, शिक्षण, काम ओळीने वाचता आलं तर फाईल ठीक आहे.

जाहिरातीतला शब्द तुमच्या रेझ्युमेत असू द्या. जाहिरात 'रिसीव्हेबल्स' म्हणते आणि तुम्ही 'पेमेंट फॉलोअप' लिहिता. काम तेच, पण शोधात तुम्ही सापडत नाही. दोन्ही लिहा. पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवून भरायची युक्ती मात्र करू नका. सॉफ्टवेअर मजकूर सपाट करून दाखवतं तेव्हा ती उघडी पडते, आणि तो अर्ज मी बाजूला काढते.

गुणांबद्दल एवढंच. 'दहावीपासून सलग ६०%' अशी अट असली आणि तुमचे ५८ असले, तर ५८ च लिहा. सीबीएसईच्या दहावीसाठी पूर्वी वापरला जाणारा ९.५ चा गुणक विद्यापीठाच्या सीजीपीएला (श्रेणी-गुणांच्या सरासरीला) लावून टक्के काढणारे दरवर्षी भेटतात. विद्यापीठाने दिलेलं सूत्रच लावा, कारण मार्कशीट शेवटी तपासली जातेच आणि हातात आलेली नोकरी तिथे जाते.

केलेलं काम झाकून ठेवणं

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच.

मागच्या वर्षी एक मुलगी आली होती. रेझ्युमेच्या वरच्या तीन ओळी पाठ झालेल्या: डायनॅमिक, हार्डवर्किंग, टीम प्लेअर. प्रश्नांची उत्तरंही तशीच गुळगुळीत. उठायच्या आधी सहज विचारलं, घरी काय असतं?

"बाबांची कळमन्याला धान्याची अडत आहे."

"तू जातेस का तिथे?"

"सीझनला जाते ना मॅडम. तूर, सोयाबीन आलं की शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या मीच लिहिते. कोणाकडे किती बाकी आहे ते रात्री वहीतून काढून देते."

खरेदीदाराने पैसे थकवले तर काय करता, असं विचारल्यावर ती पाच मिनिटं थांबलीच नाही. शेतकऱ्याला पैसे लगेच द्यायचे, खरेदीदाराकडून यायला आठ-पंधरा दिवस, मधल्या काळात पैसा बाबांचा अडकतो. म्हणून प्रत्येक खरेदीदाराची उधारीची मर्यादा ठरलेली आहे, आणि ती ओलांडली की माल रोखीनेच. खेळतं भांडवल आणि पत-मर्यादा हे दोन धडे तिने एकही इंग्रजी शब्द न वापरता समजावून दिले. मी विचारलं, हे रेझ्युमेत का नाही? म्हणाली, "मॅडम, ते तर घरचं काम आहे."

वसुलीच्या टेबलासाठी आम्ही तिलाच घेतलं. पण मी तो प्रश्न विचारला नसता तर? त्या तीन विशेषणांच्या जागी एक ओळ पुरली असती: 'कळमना बाजारात धान्याच्या अडतीवर तीन हंगाम, रोजच्या हिशेबपट्ट्या आणि चाळीस खरेदीदारांच्या थकबाकीची आठवड्याची यादी.' इतवारीतलं कापडाचं दुकान, मामाचा कॅटरिंगचा धंदा, गणपती मंडळाची वर्गणी आणि खर्चाचा हिशेब, सगळं लिहा. मात्र कामाचा आकडा आणि काळ सोबत असू द्या.

समर इंटर्नशिपचंही असंच होतं. प्रोजेक्टचं नाव हमखास 'ग्राहक समाधानाचा अभ्यास, विशेष संदर्भ नागपूर शहर', नमुना १०० लोकांचा. मी विचारते, हे शंभर जण कोण? कोणत्या भागातले? उत्तर येत नाही, कारण फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवलेला असतो. त्यापेक्षा सक्करदऱ्यातल्या पंधरा दुकानांत स्वतः जाऊन बसा आणि दुकानदार कोणता माल पुढे मांडतो, कोणता मागे टाकतो आणि का, ते टिपून घ्या. असं पंधरा दुकानांचं ऐकवणारा उमेदवार माझ्या लक्षात राहतो.

फोन आणि टेस्ट

"हॅलो, कोणती कंपनी म्हणालात?" इथे निम्मे जण गळतात. अर्ज कुठे, कोणत्या जागेसाठी, किती तारखेला केला याची यादी मोबाईलमध्ये ठेवा. व्हेरायटी चौकात गाडीवर असाल तर "अर्ध्या तासाने मी करू का?" असं विचारा. त्याचं कोणालाही वाईट वाटत नाही.

रेझ्युमेत 'अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल' लिहिणाऱ्याला आम्ही दोनशे बिलांची शीट देतो आणि ९० दिवसांवर थकलेली बाकी पार्टीनिहाय मागतो. पिव्होट टेबल येत असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. बरेच जण कॅल्क्युलेटर काढतात.

तोंडी हिशेबात तीन गोष्टी पुन्हापुन्हा चुकतात. ८० ला घेतलेली वस्तू १०० ला विकली, तर विक्रीवरचं मार्जिन २०%, खरेदीवरचा मार्कअप २५%. दोन्ही एक समजतात. १८% जीएसटी धरून ११८० चं बिल असेल तर कर १८० रुपये, पण ११८० चे १८% काढून २१२ रुपये ४० पैसे सांगणारे एमबीएसुद्धा असतात. आणि महिन्याची उधार विक्री १२ लाख, बाजारात अडकलेले २४ लाख, म्हणजे वसुलीला साधारण ६० दिवस लागतात, हे सुचत नाही. या तिन्ही गोष्टी जवळच्या कुठल्याही ठोक दुकानदाराकडे बसून एका दुपारी पक्क्या होतात.

गटचर्चेत आवाज चढवू नका. आमच्या कागदावर 'दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेला' असा एक रकाना असतो, आणि बहुतेकांचा तो रिकामाच राहतो.

मुलाखत

सगळ्यांना तेच प्रश्न आणि प्रत्येक उत्तराला गुण, अशी मुलाखत कोरडी वाटते, पण ती तुमच्या फायद्याची आहे. १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी निवडीच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र मांडलं, तेव्हा पुढे कोण चांगलं काम करेल हे ओळखण्यात शिक्षणाची नुसती वर्षं यादीच्या तळाजवळ निघाली. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तो हिशेब पुन्हा तपासला. बरेच आकडे खाली आले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत सर्वांत वर आली. अशा मुलाखतीत कॉलेजच्या नावाला गुण नसतात, घडलेल्या प्रसंगाला असतात. काय अडचण होती, तुम्ही स्वतः काय केलं, शेवटी काय झालं, एवढं दोन मिनिटांत सांगा. 'आम्ही' म्हणत राहिलात तर तुमचा वाटा किती ते मला कळत नाही.

इंग्रजीची धास्ती घेऊन काही जण गप्प बसतात. ज्या भाषेत विचारलं त्या भाषेत सुरू करा आणि अडलात तर मराठी-हिंदीत सांगा. आमच्या विक्रीच्या माणसाला दिवसभर त्याच भाषांत बोलायचं असतं. एखाद्या निर्यातदाराकडे जात असाल तर मात्र इंग्रजी पत्र लिहिता आलंच पाहिजे.

"कुठेही जायला तयार आहे" हे वाक्य खरं असेल तरच बोला. चंद्रपूर-गडचिरोलीचा पट्टा दिला की "घरचे नाही म्हणतात" असा निरोप येतो, तोवर दुसऱ्या उमेदवाराला आम्ही नकार दिलेला असतो. नागपूर सोडता येत नसेल तर तसं आधीच सांगा. गोदाम आणि हिशेबाच्या जागा इथेच असतात.

ऑफर हातात आल्यावर

वर्षाला ३ लाख ६० हजार सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) म्हणजे महिन्याला हातात ३० हजार नव्हेत. मूळ वेतन १५ हजार धरलं तर कंपनीच्या वाट्याचे पीएफचे १८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० त्यातच मोजलेले असतात. तुमच्या पीएफचे १८०० आणि व्यवसाय कराचे २०० आणखी कापले जातात. हातात उरतात साधारण साडेपंचवीस हजार. त्यात 'व्हेरिएबल' (कामगिरीनुसार मिळणारा भाग) असेल तर आणखी कमी. हे सही करण्याआधी विचारा. विचारलं म्हणून आजवर मी कोणाची ऑफर मागे घेतलेली नाही.

आधीची चार महिन्यांची नोकरी लपवू नका. पीएफ कापला गेला असेल तर यूएएनच्या (तुमच्या पीएफच्या कायमच्या क्रमांकाच्या) सेवा-इतिहासात ती दिसते. नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या नावाखाली कोणी पैसे मागितले, तर तिथेच थांबा. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

आणि नकार आला तर दुसऱ्या दिवशी एक छोटा मेल टाका: "कुठे कमी पडलो, एका ओळीत सांगाल का?" फार थोडे जण विचारतात. ज्यांनी विचारलं त्यांना मी उत्तर दिलं आहे, आणि त्यांतल्या दोघांना पुढच्या वर्षी घेतलंही आहे.